अठरा वर्षांनंतरचा माणूस कोणाचा?

महाराष्ट्रात मतिमंद मुलाला, कागदावर का होईना, सरकार आहे; मतिमंद माणसाला ते नाही. अठराव्या वर्षापर्यंत कायदा त्याला बालक म्हणतो, त्याच्यासाठी विशेष शाळा मंजूर करतो, बालगृहाची तरतूद करतो, अनुदानाचा हिशेब ठेवतो. अठरा वर्षे पूर्ण झाली की शासनाचा हात मागे सरतो आणि पुढची तीस-चाळीस वर्षे एका बाईच्या अंगावर टाकून राज्यकर्ते मोकळे होतात. ती बाई बहुधा आई असते, आई नसेल तर आजी, आजीही नसेल तर बहीण किंवा भावजय. तिच्या नावाने पगारपत्रक निघत नाही, तिला रजा नाही, आणि ती मेल्यावर तिची जागा कोण घेणार याचे उत्तर कोणत्याही खात्याच्या दप्तरात नाही.

हा प्रश्न दयेचा म्हणून मांडला जातो. वास्तविक तो श्रमाचा आणि हक्काचा प्रश्न आहे, आणि तो तसा का आहे हे पाहायचे असेल तर बीड जिल्ह्यात यावे लागेल. गेवराई तालुक्याच्या पश्चिम टोकाला, शेवगावच्या बाजूला असलेल्या उमापूरच्या परिसरात दिवाळी उलटली की कष्टकऱ्यांची बिऱ्हाडे हलू लागतात. तालुक्यात गढीला सहकारी साखर कारखाना आहे, पैठणच्या धरणाचा उजवा कालवा तालुक्यातून जातो, तरीही कोरडवाहू शेतकऱ्याला आणि भूमिहीन मजुराला पोटासाठी पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांची वाट धरावी लागते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी नवरा-बायको दोघांनी मिळून ऊस तोडायचा असतो, कारण या धंद्यात मोजणी माणसांची नसते, कोयत्याची असते, आणि एक कोयता म्हणजे एक जोडपे.

कोयत्याच्या या हिशेबात मतिमंद प्रौढ मुलगा किंवा मुलगी कोठे बसते? आई घरी थांबली तर कोयता अर्धा होतो आणि उचल डोक्यावर राहते. आई गेली आणि मुलाला बरोबर नेले, तर त्याला उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, पाचटाच्या आणि चुलीच्या सान्निध्यात, अंधार असताना एकटे सोडून ती पहाटे मोळ्या बांधायला जाते. मुलाला गावी ठेवले, तर सत्तरीच्या आजीला अंगाने थोराड झालेल्या नातवाला न्हाऊ घालावे लागते, त्याच्या मागे धावावे लागते, त्याच्या अंगात आकडी आली तर शेजाऱ्याला हाक मारावी लागते. मुलगी असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो. तिला घरात कोंडून ठेवले तर लोक आईला निर्दय म्हणतात आणि मोकळे ठेवले तर तेच लोक आईला बेजबाबदार म्हणतात. दाराला कडी लावणारा हात आईचा दिसतो. ती कडी लावायला भाग पाडणारी उचल मात्र कोणाला दिसत नाही.

राज्यकर्त्यांना या स्थलांतराची जाणीव नाही असे म्हणता येणार नाही. ऊसतोड मजुरांच्या मुलांची शाळा बुडते हे मान्य करून २०२१ साली संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर झाली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ उभे राहिले आणि त्याच्यासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागे दहा रुपये द्यावेत व तेवढीच रक्कम सरकारने घालावी असे ठरले. तत्त्व महत्त्वाचे आहे. आईबाप राबायला परमुलखात जातात म्हणून मागे राहणाऱ्याच्या निवाऱ्याची जबाबदारी सार्वजनिक आहे, आणि तिचा भार उसातून संपत्ती काढणाऱ्या उद्योगाने उचलला पाहिजे, हे शासनाने एकदा कबूल केले. मग हे तत्त्व शाळकरी मुलापाशीच का थांबते? दहा वर्षांचा धाकटा भाऊ वसतिगृहात राहण्यास पात्र आणि चोवीस वर्षांचा मतिमंद थोरला भाऊ अपात्र, हा भेद कोणत्या न्यायाने केला जातो? दोघांचीही आई एकाच फडात असते. दोघांपैकी एक जण चार वर्षांनी आपला आपण राहू शकेल. दुसऱ्याला जन्मभर कोणाचा तरी हात लागेल. ज्याची गरज संपणार आहे त्याला सोय, आणि ज्याची संपणार नाही त्याला उपेक्षा!

कायद्याच्या पुस्तकात पाहिले तर या माणसाला बरेच काही दिलेले आहे. १९९९ साली राष्ट्रीय न्यास अधिनियम झाला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी तो होता, आणि आईबापांच्या पश्चात काय, हाच त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती, कायदेशीर पालकाची नियुक्ती, प्रौढांसाठी 'घरौंदा' नावाची सामूहिक घराची योजना, अशी त्याची रचना आहे. २००७ साली भारताने अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. त्याच्या एकोणिसाव्या कलमात समाजात राहण्याचा व कोठे आणि कोणाबरोबर राहायचे हे निवडण्याचा हक्क आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात तोच हक्क उतरला, आणि चोविसाव्या कलमात अधिक आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहूच्या भत्त्याचा उल्लेख आला. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि देशात पहिला मान मिळविल्याचा डांगोरा पिटला.

परंतु घरौंदा चालविते कोण? नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था. जेथे अशी संस्था आहे तेथे घर, जेथे नाही तेथे योजनेचे माहितीपत्रक! पैसा, जमीन आणि ओळखी असलेल्या शहरांत संस्था निघतात. उमापूरच्या कोरडवाहू शिवारात त्या कशाने निघणार? बदलापूरजवळचे 'आधार' किंवा डोंबिवलीजवळ खोणीचे 'घरकुल' ही प्रौढ मतिमंदांची निवासी कामे पालकांनी एकत्र येऊन, अपार कष्टाने उभी केली आहेत. त्यांना तोड नाही. पण नोकरी-पेशातील पालक संघटना काढू शकतात, बैठका घेऊ शकतात, सरकारदरबारी खेटे घालू शकतात. सहा महिने फडात आणि सहा महिने उचलीच्या विवंचनेत असलेल्या पालकाने संघटना काढावी आणि मग घर मागावे, अशी अट घालणे म्हणजे उपाशी माणसाला आधी स्वयंपाकघर बांधायला सांगण्यासारखे आहे.

दरमहाच्या अनुदानाचे पाहावे. १९८० साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार योजनेतून अपंग लाभार्थ्याला ऑक्टोबर २०२५ पासून महिना अडीच हजार रुपये देण्याचा निर्णय झाला. त्याआधी ते दीड हजार होते. अडीच हजार म्हणजे दिवसाला त्र्याऐंशी रुपये. यात अन्न, औषध, कपडे आणि चोवीस तासांची राखण बसवायची आहे. शिवाय हे पैसे त्या व्यक्तीच्या निर्वाहाचे. तिला सांभाळणारीच्या श्रमाची किंमत त्यात धरलेलीच नाही. शेजारणीने दिवसभर लक्ष ठेवायचे म्हटले तर तिचीही एका दिवसाची मजुरी बुडते, आणि ती मजुरी या त्र्याऐंशी रुपयांत निघत नाही हे गावातील कोणतीही बाई सांगेल. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'विकलांग' ऐवजी 'दिव्यांग' म्हणावे असे सुचविले आणि सर्व पाट्या बदलल्या. शब्द दिव्य झाला. भाकरी होती तेवढीच राहिली.

आता या मागणीविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांचा परामर्श घेतला पाहिजे. पहिला आक्षेप संस्कृतीच्या नावाने येतो. कुटुंब हीच खरी संस्था, आपल्याकडे माणसे टाकून देत नाहीत, निवासी गृहे ही पाश्चात्त्यांची थेरे, असे व्यासपीठावरून सांगितले जाते. हे सांगणाऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला बाई असते आणि फाटकाला राखणदार असतो. कुटुंबाचा गौरव करणाऱ्यांनी त्या कुटुंबाला सहा महिने एकत्र राहता येईल अशी मजुरी तरी दिली आहे काय? ज्या व्यवस्थेने आईला मुलापासून ओढून फडात नेले, तिनेच मातृत्वाची पोथी वाचावी हा दांभिकपणा आहे. आणि कुटुंब म्हणजे तरी काय? आईच्या हयातीत जे घर असते तेच तिच्या पश्चात भाऊबंदकीचे रणांगण होते. सातबाऱ्यावर मतिमंद भावाचे नाव असेल तर ते कमी करून घेण्याची घाई होते. अंगठा कोठे उमटवला हे त्याला कळत नाही. नेमक्या याच अन्यायाला आळा घालण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीची आणि कायदेशीर पालकाची तरतूद आहे. पण ज्या समितीचे नाव गावाने ऐकलेले नाही, तिच्याकडे अर्ज कोण नेणार?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो मित्रांकडून येतो. निवासी संस्था म्हणजे तुरुंग, त्या मागायच्या कशाला, असे हक्कांच्या चळवळीतील कार्यकर्ते विचारतात. त्यांच्या हाती पुरावा आहे आणि तो नाकारून चालणार नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय गृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण काय, तर पाळीच्या काळात त्यांना स्वच्छता राखता येत नाही. महिला संघटनांनी आवाज उठविला तेव्हा उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. ऑगस्ट २००१ मध्ये तामिळनाडूत एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण आगीत जळून मेले. ते मतिमंद नव्हते, पण त्यांना कोंडणारी मनोवृत्ती तीच. २०१० साली ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या आश्रमातील मृत्यूंच्या आणि छळाच्या बातम्या वाचून मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. २०११ साली कळंबोली येथील खासगी गृहात गतिमंद मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. श्रीमंत देशही याला अपवाद नाहीत. न्यूयॉर्कमधील विलोब्रूक या प्रचंड संस्थेतील नरकयातना १९७२ साली दूरचित्रवाणीवर दिसल्या आणि ती बंद व्हायला १९८७ साल उजाडले. इंग्लंडमध्ये विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयातील मारहाण २०११ साली छुप्या कॅमेऱ्याने जगापुढे आणली.

हा सारा इतिहास एकच गोष्ट सांगतो. जेथे माणसे शेकड्यांनी कोंडली जातात, जेथे गावाची नजर पोचत नाही, जेथे सांभाळणाऱ्याला तुटपुंजा मोबदला मिळतो आणि चालकाला अनुदान मिळते, तेथे माणुसकी मरते. यातून निघणारा निष्कर्ष मात्र 'काहीच नको' असा नाही. संस्था नको एवढे म्हणून जो थांबतो, तो नकळत अर्थखात्याचे काम करतो. सरकारला हेच हवे आहे! भिंती पाडण्याची घोषणा त्याला स्वस्तात पडते, कारण भिंतीबाहेर घर बांधून देण्याची सक्ती कोणी करत नाही. बंद केलेल्या संस्थेतून बाहेर पडलेला माणूस समाजात जातो असे म्हणतात. प्रत्यक्षात तो पुन्हा त्याच आईच्या झोपडीत किंवा बसस्थानकाच्या फलाटावर जातो.

आणि झोपडी तरी तुरुंग नाही असे कोण म्हणेल? शिरूरला संस्थेच्या सोयीसाठी गर्भाशये काढली गेली; आणि २०१९ साली याच बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला व त्यासाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. पाळीत एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याचा दंड. म्हणून बाईच्या देहाची काटछाट. एका ठिकाणी सरकारी गृह होते, दुसऱ्या ठिकाणी उसाचा मोकळा फड. भिंत असण्या-नसण्याने फरक पडला नाही. माणसाच्या देहापेक्षा व्यवस्थेची सोय मोठी ठरली की परिणाम सारखाच होतो. म्हणून वाद संस्था की घर असा नाहीच. त्या छपराखाली सत्ता कोणाची चालते, हा खरा वाद आहे.

तिसरा आक्षेप म्हणजे, चांगली माणसे हे काम करीतच आहेत, त्यात राजकारण कशाला आणावे? महाराष्ट्राला देवमाणसांची सवय जडली आहे. अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी शंभराहून अधिक बेवारस अपंग मुलांना आपले नाव दिले. ती मुले मोठी झाली तेव्हा कायदा आडवा आला, कारण बालगृह हे बालकांसाठी असते. अठरा झाल्यावर या मुलांनी जायचे कोठे, असा सवाल शंकरबाबा वर्षानुवर्षे राज्यकर्त्यांना विचारत आले. अठरा वर्षांवरील बेवारस मतिमंदांना त्याच घरात आजन्म राहू देणारा कायदा करा, ही त्यांची मागणी आहे. बालन्याय कायद्यातील अनुरक्षणगृहाची सोय एकविसाव्या, फार तर तेविसाव्या वर्षापर्यंत पोचते, आणि तीही स्वतःच्या पायांवर उभे राहू शकणाऱ्यांसाठी कल्पिलेली. २०२४ साली शंकरबाबांना पद्मश्री देण्यात आली. सत्कार झाला, कायद्याचे काय? मागणी करणाऱ्याच्या गळ्यात हार घातला की मागणी विसरता येते, ही राज्यकर्त्यांची जुनी युक्ती आहे.

बीड जिल्ह्यातही गेवराईचे 'बालग्राम', शिरूर कासार तालुक्यातील आर्वीचे 'शांतिवन', पालीचे 'इन्फंट इंडिया' अशी कामे तरुणांनी निष्ठेने उभी केली आहेत. ती मुलांसाठी उभी राहिली. त्यांचा आदर करावाच; पण त्यांच्याकडे बोट दाखवून शासनाने स्वतःचे कर्तव्य टाळू नये. देणगीवर चालणारे घर देणगीदाराच्या मर्जीवर चालते. हक्क मात्र कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसतो. पुण्यवान माणूस जेथे जन्मला नाही त्या तालुक्यातील मतिमंदाने काय करायचे, याचे उत्तर परोपकाराजवळ नाही.

राहिला पैशाचा आक्षेप. १९७२ च्या दुष्काळात मागेल त्याला काम ही कल्पना पुढे आली तेव्हाही तिजोरीचे रडगाणे गायले गेले. मोर्चे निघाले, घेराव झाले, शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसला. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे तोच साऱ्या देशाला मार्गदर्शक ठरला. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालकांवर लेव्ही बसविली आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्याला भविष्यनिर्वाह निधी मिळाला. पैसा आकाशातून पडत नाही आणि तिजोरीतही आपोआप साठत नाही. तो कोणाकडून घ्यायचा हे ठरवावे लागते. एका हंगामात राज्यात दहा कोटी टन ऊस गाळला गेला, तर टनामागे दहा रुपयांनी कारखान्यांचे शंभर कोटी होतात आणि सरकारचे शंभर कोटी. हा निधी ऊसतोड मजुरांचा आहे. त्यांच्या घरातील सर्वांत असहाय माणसाचा त्यात वाटा नाही असे म्हणण्याचे धाडस कोणी जाहीरपणे करून दाखवावे!

गावपातळीवरही पैसा अगदीच नाही असे नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावी असा शासनाचा आदेश आहे. तो खर्च बहुतेक ठिकाणी कसा होतो? मार्चअखेर काही वस्तूंचे वाटप, एक छायाचित्र, सरपंचाच्या हस्ते हार. एकेका ग्रामपंचायतीची ही रक्कम थोडी असेल. पण उमापूर आणि आसपासच्या गावांनी ती एकत्र केली, जिल्हा परिषदेने आपला पाच टक्क्यांचा वाटा घातला आणि महामंडळाने वेतनाचा भार उचलला, तर एक घर चालू शकते. केरळात असे घडले आहे. १९९६ च्या लोकयोजना मोहिमेनंतर तेथील पंचायतींच्या हाती निधी आला, आणि २००४ साली वेंगानूर पंचायतीत 'बड्स' नावाचे पहिले केंद्र निघाले. पुढे ही केंद्रे राज्यभर पसरली. अठरा वर्षांवरील मतिमंदांसाठी पंचायतींनी दिवसभराची पुनर्वसन केंद्रे चालविली. घरी सांभाळणाऱ्यासाठी 'आश्वासकिरणम्' या नावाने स्वतंत्र भत्ताही केरळाने सुरू केला. रक्कम लहान आहे. पण सांभाळणे हे काम आहे, ही कबुली मोठी आहे. केरळातील केंद्रे मुख्यतः दिवसाची आहेत. ऊसतोडीच्या मुलखाला त्यापुढे एक पाऊल टाकून रात्रीची सोय करावी लागेल.

ती सोय कशी असावी? शेकडो खाटांचे वसतिगृह नको, गावापासून दूर माळावर बांधलेली इमारत तर नकोच. आठ-दहा माणसांचे घर असावे, ते वस्तीत असावे, बाजाराच्या आणि दवाखान्याच्या वाटेवर असावे. हंगामापुरते राहण्याची सोय असावी आणि ज्यांचे कोणी उरले नाही त्यांना कायम राहता यावे. आई परतली की मुलाला घरी नेता यावे, पुन्हा कार्तिकात आणता यावे. तेथे काम करणाऱ्या बायका गावातल्याच असाव्यात, त्यांना मानधन नव्हे तर वेतन मिळावे. अंगणवाडी सेविकेला आणि आशा कार्यकर्तीला मानधनाच्या नावाखाली वर्षानुवर्षे जसे राबविले गेले, त्याची पुनरावृत्ती येथे होऊ देता कामा नये. एका शोषितेच्या पाठीवर दुसऱ्या शोषिताचे घर उभे राहत नाही. स्त्रियांसाठी वेगळी, सुरक्षित व्यवस्था असावी. आणि कारभार एखाद्या संस्थाचालकाच्या घराण्याकडे जाऊ नये. २०११ च्या पटपडताळणीने साध्या शाळांतील हजेरीपटाचे पितळ उघडे पाडले. ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही अशा माणसाच्या नावावर अनुदान लाटणे किती सोपे, हे सांगायला नको. म्हणून पालकांची, ग्रामसभेने निवडलेल्या स्त्रियांची आणि खुद्द तेथे राहणाऱ्यांची समिती असावी, दार दिवसा उघडे असावे आणि हिशेब चावडीवर लागावा.

तेथे राहणाऱ्यांना काय कळते, असे कोणी विचारील. ज्याला मतिमंद म्हणतात तो उमापूरच्या शिवारात शेळ्या राखतो, पाणी भरतो, सरपण आणतो, लहानग्याला कडेवर घेतो. हे काम तो बिनमजुरीने करतो म्हणून त्याची गणना होत नाही. कोणाजवळ बसायचे, काय खायचे, कोणाच्या हाताने न्हायचे हे तो शब्दांनी नसेल तर हाताने, चेहऱ्याने, रडण्याने सांगतो. २००९ साली चंदीगडच्या शासकीय आश्रयगृहातील एका मतिमंद स्त्रीवर अत्याचार होऊन ती गरोदर राहिली, तेव्हा तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. देशाचे सर्वोच्च न्यायपीठ जिची इच्छा विचारात घेते, तिची इच्छा पंचायतीच्या समितीनेही विचारावी. सक्षम न्यायालयाने तसे ठरविल्याखेरीज मतदार यादीतूनही या माणसाला वगळता येत नाही. तो नागरिक आहे. दयेचा विषय होण्याआधी तो नागरिक आहे.

येथे पक्षालाही काही कठोर शब्द ऐकून घ्यावे लागतील. डाव्या आणि समाजवादी चळवळीने हा विषय सेवाभावी मंडळींकडे सोपवून दिला. मजुराच्या मजुरीसाठी लढताना त्याच्या घरात बिनमजुरीने चाललेल्या श्रमाकडे दुर्लक्ष झाले. मतिमंदांचा मोर्चा निघत नाही, त्यांची मतपेढी नाही, त्यांच्या आया फडातून परत येतात तेव्हा सभेला येण्याइतके त्राण त्यांच्यात नसते. २०११ च्या जनगणनेत राज्यात मतिमंद म्हणून नोंदलेल्यांची संख्या सुमारे एक लाख साठ हजार होती. राज्याची सरासरी धरली तर सुमारे सव्वीस लाख वस्तीच्या बीड जिल्ह्याच्या वाट्याला साडेतीन हजारांहून अधिक माणसे येतात, आणि लपविलेली, न मोजलेली वेगळी. एकेकामागे एकेक आई धरावी. इतका मोठा श्रमिक समूह ज्या पक्षाच्या जाहीरनाम्यात नाही, त्याने श्रमिकांच्या प्रतिनिधित्वाचा दावा जपून करावा.

काम आजपासून करता येण्याजोगे आहे. कार्यकर्त्यांनी गावोगाव, दारोदार जाऊन अठरा वर्षांवरील मतिमंदांची यादी करावी. हंगामात ते कोठे आणि कोणाजवळ असतात हे लिहून घ्यावे. ज्यांच्याजवळ अपंगत्वाचा दाखला नाही त्यांना बीडच्या जिल्हा रुग्णालयात खेटे घालायला न लावता तालुक्याच्या ठिकाणी तपासणी शिबिर भरवायला आरोग्य खात्याला भाग पाडावे. प्रत्येक ग्रामसभेत पाच टक्के निधीचा मागील वर्षांचा हिशेब मागावा आणि तो एकत्र करून घरासाठी वापरण्याचा ठराव करावा. राष्ट्रीय न्यासाच्या स्थानिक समितीची बैठक कधी झाली आणि किती पालक नेमले, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारावे. टनामागच्या दहा रुपयांतून प्रौढ मतिमंदांसाठी निश्चित हिस्सा ठरवा, ही मागणी ऊसतोड मजुरांच्या दरवाढीच्या मागण्यांच्या यादीत तळाला नव्हे, वरच्या अंगाला लिहावी. मुकादम आणि कारखानदार यांच्याशी बोलणी होतील तेव्हा कोयत्याच्या दराबरोबर मागे राहणाऱ्याच्या घराचाही करार मागावा.

हे सर्व मिळेपर्यंत आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी या माणसांची गत राहणार आहे. सरकार घर देत नाही, आणि आईला घरी राहण्याइतकी मजुरीही देत नाही. या दोन नकारांच्या मधोमध जे आयुष्य चिणले जाते, ते एका घराण्याचे दुर्दैव नसून एका व्यवस्थेचा निर्णय आहे. आणि निर्णय माणसांनी घेतलेला असतो. म्हणून तो माणसांना बदलता येतो. समाजवाद हा शब्द ज्यांना अजून जड वाटत नाही, त्यांनी उत्पादन न करणाऱ्या माणसालाही पूर्ण माणसाचा वाटा मिळतो की नाही, याच कसोटीवर तो घासून पाहावा.